पद्मिनीच्या दारांना नवं रबर लावलं, तीन दिवसांत सुटलं

अर्धा_पाना (पुणे) – ९ ऑगस्ट

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून लिहितोय.

बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. बरीच वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, गेल्या दिवाळीत बाहेर काढली. इंजिनानं फार छळलं नाही. १०८९ सीसीचं साधं यंत्र, कार्बुरेटर आणि फ्युएल पंप खोलून साफ केल्यावर तिसऱ्या दिवशी खोकत खोकत सुरू झालं. रडवलं ते पत्र्यानं. पुढच्या दोन्ही दारांचे तळ गेलेले, ड्रायव्हरच्या पायाखालून अंगणातली फरशी दिसायची, आणि डिकीत स्टेपनीच्या खाली मुंग्यांनी संसार थाटला होता. आठ महिने गाडी डेंटरकडे. जुलैच्या शेवटी २के रंग (हार्डनर मिसळून मारतात तो) मारून घरी आली. काय दिसत होती म्हणून सांगू! बाबा तासभर नुसते खुर्ची टाकून बघत बसले.

रबरं मीच बसवतो म्हटलं. दारं, डिकी आणि काचा धरून पेंटरनं मजुरीचा जो आकडा सांगितला, तो ऐकून माझ्यातला कारागीर जागा झाला. नाना पेठेतून डी आकाराचं पोकळ स्पंज रबर मीटरवर आणलं, १२ मिलिमीटर जाडीचं. सोबत फेविबॉन्डचा डबा. रंग होऊन दहा दिवस झालेले. गेल्या शनिवारी चारही दारांना रबर चिकटवलं. बाहेर पावसाची रिपरिप, मी पोर्चमध्ये. गोंद दोन्हीकडे लावला, डब्यावर लिहिल्याप्रमाणे थांबलो, दाबलं. संध्याकाळी झकास दिसत होतं.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर वरच्या कोपऱ्यातलं रबर सापासारखं लोंबत होतं. बुधवारी मागचं डावं सुटलं. आज चारपैकी एकच दार जेमतेम तग धरून आहे. शिवाय दारं लागतच नाहीत नीट, खांदा लावून ढकलावी लागतात. बाबांनी विचारलं, "पेंटर किती मागत होता म्हणालास?"

माझं काय चुकलं? गोंद बदलू का? कुणी म्हणतं सिलिकॉन मार, कुणी म्हणतं दोन बाजूंची टेप लाव. कृपया मार्गदर्शन करा.

---

निव्वळ_वाचक – ९ ऑगस्ट

फोटो टाका हो! पद्मिनी म्हटलं की आमचं अर्धं बालपण डोळ्यांपुढे येतं. मागच्या सीटवर पाच आणि पुढे बाबांच्या शेजारी दोन.

---

काळीपिवळी (मुंबई) – ९ ऑगस्ट

आमच्या घरात दोन पद्मिनी होत्या, दोन्ही टॅक्सी. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली गाडी म्हणून वडिलांना तिचा भारी अभिमान. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली तशी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेलीच. तुमची खासगी आहे, जपा.

रबराचं म्हणाल तर टॅक्सीत आम्ही कधी मनावर घेतलंच नाही. जुनी सायकलची ट्यूब कापून लावायचो. पाणी यायचंच. पायाखाली गोणपाट, विषय संपला.

---

गंधकवाली (पिंपरी-चिंचवड) – ९ ऑगस्ट

गाड्यांची रबर प्रोफाइल्स बनवणाऱ्या कारखान्यात मी चौदा वर्षं काढली, म्हणून बोलायचं धाडस करते. गोंद बदलू का, हा प्रश्न आत्ता विचारूच नका. आधी सुटलेली जागा बघून एवढं सांगा: गोंद कुणाकडे राहिला?

म्हणजे गोंदाचा थर रंगावर तसाच आहे आणि रबराची पाठ कोरडी? की उलटं? की दोन्हीकडे गोंद आहे, पण एकमेकांना धरलेलंच नाही? की रबरासोबत रंगच उचलून आला? चारही गोष्टींची कारणं वेगवेगळी असतात. रबर टाकून दिलं नसेल ना? प्रत्येक दाराचं वेगळं बघा आणि कुठल्या जागेचं आहे तेही लिहा.

---

कोल्हापूरचा_पत्रा – १० ऑगस्ट

गंधकवाली ताई, तुमचं गोंदाचं चालू द्या, माझं दुसरंच म्हणणं आहे. अर्धा_पाना भाऊ, दार खांदा लावून लागतंय म्हणालासा. रंग करायच्या आधी दार रबराशिवाय लागत होतं का? एका बोटानं? आणि दाराभोवतीची फट चारी बाजूनं सारखी होती का?

आमच्यात तीन पिढ्या पत्र्याचं काम. आजोबा जीपा ठोकायचे. त्यांचं एक होतं: दाराचा तळ नवा टाकला की दार नवं झालं समजायचं. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा ओढला जातो, वर लांबी (म्हणजे पुट्टी) भरली की कड जाड होते. त्या दाराला जुन्या मापाचं रबर कसं बसंल? डेंटरानं दार टांगून बघितलं होतं का नुसतं रंगवून दिलं, एवढं विचारा.

---

अर्धा_पाना – १० ऑगस्ट

गंधकवाली ताई, तुमचा प्रश्न वाचून टॉर्च घेऊन बसलो. खरंच तीन तऱ्हा निघाल्या:

ड्रायव्हरच्या दाराचा वरचा कोपरा: गोंद सगळा रंगावर, रबराची पाठ कोरडी आणि किंचित बुळबुळीत.

मागचं डावं: दोन्हीकडे गोंद आहे, पण पृष्ठभाग पांढरट, दुधाळ. बोट लावलं तर चिकटपणा शून्य.

मागचं उजवं (हे मी काल स्वतः ओढून काढलं): दोन ठिकाणी रंग सुरकुतला आणि नखाएवढा तुकडा प्रायमरसकट आला. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पत्रावाले भाऊ, रबराशिवाय दार लागतं, पण एका बोटानं नाही. आणि फट... मापली नव्हती. आता डोळ्यांना दिसतंय की वर कमी आहे, खाली जास्त.

---

गंधकवाली – १० ऑगस्ट

वा! एकाच गाडीत तीन धडे. एकेक घेऊ.

पहिलं दार. गोंदानं रंग धरला, रबर धरलं नाही. तुमचं रबर बहुतेक ईपीडीएम, म्हणजे एक कृत्रिम रबर, असणार, हल्ली दाराची बहुतेक रबरं त्याचीच असतात. ऊन, पाऊस, ओझोन यांना ते दाद देत नाही. जुन्या नैसर्गिक रबराला ताणलेल्या जागी बारीक भेगा पडायच्या, तशा याला पडत नाहीत. पण जे उन्हाला दाद देत नाही ते गोंदालाही सहजासहजी देत नाही. त्यातून कारखान्यातून येताना अंगावर काही ना काही असतंच: चिकटू नये म्हणून मारलेली पावडर, साबणाचं पाणी, कधी सिलिकॉनचा फवारा. तुम्हाला लागलेला बुळबुळीतपणा तोच. दुकानातून आणलेलं रबर थेट गोंदाला भिडवायचं नसतं. आधी भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा, वाळवा. मग फक्त चिकटणारी बाजू हिरव्या घासणीनं खसखसून घासा, काळी चकाकी जाऊन मॅट दिसेपर्यंत. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोलनं पुसायचा मोह आवरा. ईपीडीएम पेट्रोलनं फुगतं, आणि फुगलेलं रबर चिकटवलं की पेट्रोल उडाल्यावर आकसतं.

दुसरं दार. पांढरट थर म्हणजे पाऊस. या जातीच्या गोंदात द्रावक असतो. तो उडताना पृष्ठभाग थंड पडतो, माठातलं पाणी गार होतं तसा. हवा दमट असेल तर त्या गार थरावर अदृश्य दव बसतं. मग तुम्ही गोंदावर गोंद दाबत नाही, मध्ये पाण्याचा पडदा ठेवून दाबता. ऑगस्टमध्ये पोर्चात हे काम म्हणजे पावसात पापड वाळत घालणं. बंद खोली नसेल तर निदान पाऊस उघडल्यावर दुपारचं ऊन धरा आणि दोन्ही बाजू केस वाळवायच्या ड्रायरनं आधी कोमट करून घ्या. गोंद लावल्यावर मात्र ड्रायर जपून, द्रावकाची वाफ पेट घेते.

तिसरं दार. रंग कोवळा होता. २के रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला आठवडे लागतात, पावसाळी हवेत आणखी. गोंदातल्या टोल्युइनसारख्या द्रावकानं तो मऊ केला. महिनाभर तरी थांबायला हवं होतं.

---

निव्वळ_वाचक – १० ऑगस्ट

वाचनखूण साठवली. गोंद कुणाकडे राहिला, हा प्रश्न घटस्फोटाच्या खटल्यातही विचारता येईल.

---

चिखलदरा_जीप (अमरावती) – ११ ऑगस्ट

इथंच विचारून घेतो. सिलिकॉन का नाही? आमच्या जीपच्या विंडशील्डच्या चौकटीला मी सरळ न्हाणीघरात लावतात ते सिलिकॉन फासलं, दोन वर्षं टिकलं.

---

कोल्हापूरचा_पत्रा – ११ ऑगस्ट

टिकलं असंल, पर आता काढून बघा खाली काय झालंय ते. जे सिलिकॉन व्हिनेगरसारखं वास मारतंय, ते वाळताना ॲसिड सोडतंय. रंगाला कुठं टवका उडाला असंल तर तिथला उघडा पत्रा खातंय. वरनं रबर झाक, आतनं गंज चालू. बिनवासाचं, न्यूट्रल म्हणून मिळतंय ते त्यातल्या त्यात बरं.

आणि दुसरं म्हणजे सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी परत रंग धरत नाही. आमचा पेंटर बॉडीवर सिलिकॉन दिसलं की गाडी आत घेत नव्हता. रंग मारला की डोळे पडतात, माश्याच्या डोळ्यागत गोल गोल. मग परत घास, परत मार.

दोन बाजूंच्या टेपचं म्हणाल तर साधी फोमची टेप दाराच्या रबराला नको. वळणावर रबर सारखं सरळ व्हायला बघतंय, टेप हळूहळू हार मानती.

---

गंधकवाली – ११ ऑगस्ट

टेपबद्दल सहमत. गाड्यांच्या कारखान्यात ॲक्रिलिक टेप वापरतात, पण तिथं रबराला टेप आधीच, प्रायमर मारून, यंत्रावर लावलेली असते. घरी ते जमणं कठीण.

गोंदातच राहायचं तर दारांच्या रबरांसाठी बनवलेला वेगळा गोंद मिळतो, ३एमचा ०८००८ काळा आणि ०८००१ पिवळा. काळा घ्या, बाहेर ओघळला तरी डोळ्यांत भरत नाही. तुमचा फेविबॉन्ड वाईट नाही बरं का. नीट धुतलेल्या रबरावर, कोरड्या हवेत, पक्क्या रंगावर त्यानंही काम झालं असतं. तो बिचारा तीन गुन्ह्यांत नाहक अडकला.

पण पत्रावाले दादा म्हणतात ते माझ्या सगळ्या पोथीपेक्षा मोठं आहे. दाबच चुकीचा असेल तर गोंद कितीही भारी आणा, दर वेळी दार लावताना रबर बाजूला ढकललं जाणार. पोकळ रबर साधारण एक तृतीयांश दबावं. १२ मिलिमीटरचं असेल तर फट ८ च्या आसपास. त्यापेक्षा बरीच कमी असेल तर दार लागत नाही, आणि ११-१२ असेल तर रबर नुसतं शोभेला.

---

अर्धा_पाना – ११ ऑगस्ट

फट मापायची कशी? दार बंद केलं की आतलं दिसत नाही. व्हर्नियर घुसत नाही.

---

बर्मिंगहॅमकर – ११ ऑगस्ट

इकडे आम्ही मुलांच्या खेळण्यातली माती वापरतो. सुपारीएवढे गोळे चौकटीवर बारा-पंधरा ठिकाणी ठेवायचे, वर पातळ प्लास्टिक, दार हळू लावून उघडायचं. चपटा झालेला गोळा मापला की तीच फट. तुमच्याकडे माती नसेल तर कणीक चालेल, घट्ट भिजवलेली. पुरीची, पोळीची नको.

---

अर्धा_पाना – १३ ऑगस्ट

पुरीची कणीक भिजवून मागितली तेव्हा आईला वाटलं श्रावणातलं काही व्रत घेतलंय. गोळे गाडीला चिकटवताना बघितल्यावर तिनं बाबांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पस्तीस वर्षांच्या संसाराचं सार होती.

निकाल, ड्रायव्हरचं दार: बिजागरीच्या बाजूला वर ७, मधे ७, खाली ८. कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात ४, मधे ८, खालच्या कोपऱ्यात १३. म्हणजे वरच्या कोपऱ्यातलं रबर चेंगरून सुटत होतं आणि खालच्या कोपऱ्यातलं दाराला शिवतही नव्हतं. बाकी तिन्ही दारं ६ ते ९ च्या दरम्यान.

पत्रावाले भाऊ, तुम्ही न बघता ओळखलंत. दंडवत घ्या.

---

कोल्हापूरचा_पत्रा – १३ ऑगस्ट

दंडवत नको, भडंगाची पुडी पाठवतो म्हणा. न्हाई, भडंग इकडंच मिळतंय, तुम्ही बाकरवडी पाठवा.

हे दार पिळलंय. बिजागरीची बाजू बरोबर आहे, म्हणून बिजागरी आणि स्ट्रायकरला (चौकटीवर कुलूप ज्यात अडकतंय तो भाग) हात लावू नका. ते हलवून वरचं जमलं तर खालचं बिघडतंय. पिळ काढायचा. सागवानी गुटका घ्या, जाड कापडात गुंडाळा. दार लावताना कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात गुटका अडकवा आणि दाराचा खालचा कोपरा दोन्ही तळव्यांनी आत दाबा. धक्का मारायचा न्हाई, सावकाश वजन टाकायचं. वर अडतंय, खाली आत जातंय, दार उलटं पिळतंय. थोडं दाबा, सोडा, गोळे लावून परत मापा. मिलिमीटर मिलिमीटरनं यायला पायजे. पत्रा परत थोडा मागं येतो, म्हणून जरा जास्तीच दाबावं लागतं.

कडंला लांबी जाड असंल तर ती तडकंल. म्हणून आधी लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराच्या कडेनं फिरवा. चुंबक जिथं धरत नाही तिथं लांबीचा थर आहे. तिथं डेंटरालाच बोलवा. आठ महिने पैसे घेतल्यात त्यानं.

---

अर्धा_पाना – १७ ऑगस्ट

चुंबक सगळीकडे धरला, फक्त तळाला एक वीतभर जागी सुटतोय. पिळ काढला. चार वेळा दाबलं, चार वेळा कणीक. आता वर ७, खाली ९. लांबी तडकली नाही, पण माझा जीव नऊदा तडकला. आणि मंडळी, रबराशिवाय दार एका बोटानं लागतं! बाबांनी पाच वेळा उघडझाप केली. सुरकुतलेला रंग त्याच वेळी त्यांना दिसला. काही बोलले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले. ते जास्त लागलं.

रंगाचा टवका पेंटरनं दुरुस्त करून दिला. आता गंधकवाली ताईंच्या आज्ञेनुसार १५ सप्टेंबरपर्यंत थांबणार. तोवर चिकटवायचा क्रम कुणी सांगेल का? सुरुवात कुठून? सांधा कुठं?

---

बर्मिंगहॅमकर – १७ ऑगस्ट

माझ्याकडे जुनी मिनी आहे. तिची दाराची रबरं गोंदानं लावत नाहीत, चौकटीच्या पत्र्याच्या कडेवर ठोकून बसवतात. आत धातूची पट्टी असलेली यू आकाराची पकड असते. तुमच्या चौकटीला अशी उभी कड असेल तर तोही मार्ग आहे, पण कडेची जाडी मापूनच पकड घ्या. वेल्डिंग आणि रंग होऊन कड जाड झालेली असते. जबरदस्तीनं बसवलं तर पकड उघडते आणि नंतर धरत नाही.

गोंदाचं असो वा पकडीचं, एक चूक मी केली ती सांगतो. रबर ताणून लावलं. ताणलं की सुंदर सरळ बसतं, हात फिरवावासा वाटतो. मग थंडी पडली, रबर आपल्या मूळ लांबीवर आलं आणि कोपऱ्यातून दोन इंच बाहेर. सांध्यात बोट जाईल एवढी फट. तेव्हापासून मी उलट करतो: रबर किंचित गोळा करत, ढकलत लावतो. टोकं बोटाच्या पेराएवढी लांब ठेवतो आणि शेवटी एकमेकांत दाबून बसवतो.

---

गंधकवाली – १८ ऑगस्ट

बर्मिंगहॅमकरांच्या मुद्द्याला +१. आणखी थोडं.

सांधा वर नको, पाणी वरून येतं. बिजागरीच्या बाजूला किंवा खाली मध्यावर घ्या. टोकं नव्या पात्यानं काटकोनात कापा. कात्रीनं कापाल तर पोकळ रबर चेपतं आणि तिरपं कापलं जातं.

आधी पूर्ण रबर कोरडं लावून बघा, मास्किंग टेपच्या तुकड्यांनी धरून. दार लावा, उघडा, बसा, उतरा. पायानं कुठं घासतंय, सीटबेल्ट कुठं अडकतोय ते तेव्हा कळतं. रबराची जागा चौकटीवर पेन्सिलीनं आखा आणि बाहेरच्या बाजूला टेप लावून रंग झाका. मग चिकटवा, कोपऱ्यापासून सुरुवात करून. कोपरा आधी बसवला की सरळ भाग आपोआप मिळतो. उलट केलंत तर कोपऱ्याला रबर एक तर अपुरं पडतं नाही तर उरतं. एका वेळी हातभरच गोंद लावा, दोन्ही बाजूंना, पातळ. जाड थर आतून ओला राहतो. बोट टेकवून उचललं की दोरा निघू नये, चिकट मात्र लागावं, ती वेळ. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून पेन्सिलीची रेघ. आणि वजन किती वेळ ठेवता त्यापेक्षा क्षणभर किती जोरात दाबता ते महत्त्वाचं. अंगठ्यानं इंच इंच दाबत जा.

तीव्र वळणावर डी रबर चपटं होऊन बसतं. तिथं आतल्या अंगाला छोटी व्ही खाच घ्या, बाहेरचं अंग अखंड ठेवा.

लावल्यावर चोवीस तास दार उघडं ठेवू नका आणि कुलूपबंदही करू नका. पहिल्या खटक्यावर ठेवा.

---

कोल्हापूरचा_पत्रा – १८ ऑगस्ट

आणि दाराच्या तळाची भोकं! ती बुजवू नका. काचेच्या फटीतनं दाराच्या पोटात पाणी जातंच, ते कुणाच्या बापाला थांबत न्हाई. ते खालच्या भोकातनं बाहेर पडायला पायजे. कितीतरी लोक रबर लावताना नेमकी ती भोकं झाकतात, वर गोंदाचा लपका. मग दार पाण्याची टाकी होतंय आणि तीन पावसाळ्यात तळ परत सडतोय. तुमची दारं आधी अशीच सडली असणार, पैजेवर सांगतो.

---

अर्धा_पाना – १८ ऑगस्ट

जुन्या दारांचे कापलेले तळ डेंटरकडे अजून कोपऱ्यात पडलेत. आत्ता फोन करून विचारलं. भोकांवर डांबरासारखं काहीतरी फासलेलं आहे म्हणाला. पैज जिंकलात.

---

चिखलदरा_जीप – १९ ऑगस्ट

अवांतर, धागाकर्त्यांनी माफ करावं. आमची जीप १९७२ ची. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो ना? मूळचं रबर बदललं तर आडवं येईल का?

---

काळीपिवळी – १९ ऑगस्ट

२०२१ च्या जुलैमध्ये नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात असलेली गाडी. नव्यानं नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. अट चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत अशी आहे, झिजलेलं रबर बदललं म्हणून कोण अडवतंय! पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल वगैरे कामांसाठीच. जीप शेतावर न्यायची असेल तर विचार करून. आता धागा रबरावर येऊ द्या.

---

निव्वळ_वाचक – १६ सप्टेंबर

१५ तारीख उलटली. अर्धा_पाना, कुठं आहात? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

अर्धा_पाना – २१ सप्टेंबर

आहे, आहे. गणपतीत हात लावता आला नाही. काल-आज दोन दिवस लागून काम केलं, ऊनही पडलं होतं.

रबर धुतलं तेव्हा पाणी राखाडी झालं. इतकं काय होतं त्यावर! घासणीनं घासून पाठ मॅट केली, अल्कोहोलनं पुसली. काळा गोंद मागवला होता. एक दार करायला पहिल्या वेळी पाऊण तास लागला होता, या वेळी अडीच तास. त्यातले दोन तास कोरडं लावून बघण्यात आणि टेप चिकटवण्यात. बाबांनी मदत केली. ते दोन्ही हातांनी रबर ढकलत येत होते आणि मी अंगठ्यानं दाबत होतो. मधेच म्हणाले, "ओढू नकोस, तो माणूस थंडीचं काय म्हणाला होता?" म्हणजे धागा वाचतात!

मग चाचण्या. पहिली, दहाच्या नोटेची. दारात नोट धरून दार लावायचं आणि ओढायची. सगळीकडे अडखळत निघाली पाहिजे. सहज निघाली तर रबर टेकत नाही, निघालीच नाही तर जास्त दाबलं जातंय. चौदा जागी बरोबर, मागच्या उजव्या दारात एका जागी सहज निघाली. तिथं चौकटीच्या पत्र्याला जुना चेप आहे, बोटाला लागतो. रबराखाली पातळ रबराचीच पट्टी दिली.

दुसरी, रात्री गाडीत टॉर्च लावून बाहेरून बघायचं. उजेड कुठंच नाही.

दारं अजून थोडी जड लागतात. एका बोटानं नाही, चार बोटांनी.

---

गंधकवाली – २१ सप्टेंबर

चार बोटं म्हणजे उत्तम. रबर दबून आपला आकार घेईल, महिन्याभरात दोन बोटांवर येईल. त्यासाठी स्ट्रायकर बाहेर सरकवू नका, नंतर दार खडखडेल. रबराला ग्लिसरीनचा हात फिरवा, चिकटणार नाही. व्हॅसलीन, खोबरेल, इंजिन ऑइल काही नको.

पाण्याची चाचणी राहिली. पाइप थेट फटीवर धरू नका, तितकं पाणी पावसातही येत नाही. आणि खालून वर जा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं, गळती कुठली ते कळत नाही.

---

अर्धा_पाना – २४ सप्टेंबर

पाइपची गरजच पडली नाही. परवा रात्री परतीच्या पावसानं झोडपलं. संध्याकाळी आभाळ बघून मी चारही पायांच्या जागी वर्तमानपत्राची पानं अंथरली आणि गाडी मुद्दाम उघड्यावर लावली. बाबा म्हणाले, "तूच नवी रंगवलेली गाडी मुद्दाम भिजवणारा."

सकाळी सहाला दोघंही बाहेर. मागची दोन्ही पानं कोरडी. पुढचं डावं कोरडं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पानावर रुपयाएवढा ओला डाग, नेमका संपादकीयावर.

माझं तोंड पडलं. त्याच दारावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. दार उघडून रबरावरून हात फिरवला, आतली कड कोरडीठाक. बाबा मात्र डॅशबोर्डखाली वाकून पडले, वय ७१, आणि आतूनच ओरडले, "दार नव्हे रे! वायपरचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून येतंय."

काढून बघितलं. दांड्याखालचं रबराचं वॉशर वाळून बिस्किटासारखं झालेलं, हातात आल्यावर दोन तुकडे. रंगाच्या वेळी पेंटरनं तेच जुनं परत घातलं होतं आणि मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

नाना पेठेत मिळालं, जोडी चाळीस रुपयांना.

---

कोल्हापूरचा_पत्रा – २४ सप्टेंबर

बाबांना आमचा रामराम सांगा. आणि बाकरवडी?

---

अर्धा_पाना – २४ सप्टेंबर

पत्ता खासगी निरोपानं कळवा, उद्याच निघते. आता पुढच्या काचेचं रबर उरलंय. बाबा म्हणतात ते सुतळी घालून बसवतात, आतून एकानं ओढायची, बाहेरून दुसऱ्यानं दाबायचं. त्यासाठी नवा धागा काढतो.